एकपदरी, दुपदरी

डिंगोऱ्यात भागुजीच्या घरामागे, जांभळाच्या सावलीत दोन मधपेट्या होत्या, आणि त्यातली एक बिघडली होती. अर्थात असं वाटणारी घरात एकटी रत्नाच. तिच्या बापाला, भागुजीला, तर तीच पेटी जास्त भरभराटीची दिसायची.

"बघ की, कशा टपोऱ्या झाल्यात," तो झाकण उचलायला लावून म्हणायचा. "त्या पेटीतल्या किडकिडीत, अन् ह्या बघ. काळ्याभोर, गुबगुबीत! ह्याच माश्या तू चांगल्या पोसल्यास."

रत्ना झाकण परत लावायची. बारावी झाल्यावर तिनं मधमाश्या पाळायचं सरकारी प्रशिक्षण घेतलं होतं. गावात त्याचं हसू झालं होतं. मध डोंगरात मिळतोय, तर माश्या घरी आणून सांभाळायच्या कशाला, असं जो तो विचारायचा. पण तिनं दोन पेट्या आणल्या, त्यात सातेरी माश्यांची वसाहत बसवली आणि पहिल्याच हंगामात घरात बरण्या उभ्या केल्या. मग हसणारे लोक लहान मुलाच्या खोकल्यासाठी वाटी घेऊन यायला लागले.

आता १९९९ सालचा माघ चालू होता. कांद्याच्या बियाण्याचे डेंगळे रानोरान पांढरेशुभ्र फुलले होते. चांगल्या पेटीतल्या माश्या उजाडल्यापासून तिकडे खेपा घालत होत्या. ह्या दुसऱ्या पेटीतले टपोरे मात्र निवांत होते. दुपारी ऊन तापलं की बाहेर पडायचे, मोठ्यानं गुणगुणत एक फेरी मारायचे आणि परत येऊन आयता मध खायचे. पोळ्यातल्या घरांची झाकणंसुद्धा निराळी, उंच उचललेली आणि टोकाला सुईनं टोचल्यासारखं बारीक भोक असलेली.

हे सगळे नर आहेत एवढं रत्नाला कळत होतं. प्रशिक्षणात नर दाखवले होते. पण पेटीत थोडे नर असतात. इथं नवीन जन्मणारा प्रत्येक जण नरच निघत होता. असं का, ते तिला उमगत नव्हतं. प्रशिक्षणात शिकवणारे सर एकदा म्हणाले होते, "नर माशीला बाप नसतो." त्यावर सगळा वर्ग खो-खो हसला, बायकांनी तोंडाला पदर लावला, आणि सरही हसून मध काढायच्या यंत्राकडे वळले. बाप नसतो म्हणजे काय, हे राहूनच गेलं. तिनं गावात एक-दोघांना विचारून पाहिलं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "म्हशीचं काही असेल तर विचार, पोरी."

अशातच तिला बघायला पाहुणे आले.

मुलगा निमगाव सावाचा. राजरत्न त्याचं नाव. नारायणगावात ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा आणि तिथंच खोली घेऊन राहायचा. बरोबर त्याची आई साळुबाई आणि मामा गेणभाऊ. गेणभाऊ एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते. आवाज असा, की मागच्या सीटवर झोपलेला माणूस दचकून उठून बसावा. "जय भीम"चे नमस्कार झाले, पोहे झाले, चहा आला. गेणभाऊंनी नाव, शिक्षण, स्वयंपाक असे नेहमीचे थांबे घेतले आणि शेवटी रीत म्हणून म्हणाले, "पोरी, तुला आमच्या राजूला काय इचारायचं असंल तर इचार बरं. लाजू नको."

असं म्हणतात, पण कुठलीही मुलगी काही विचारत नाही. रत्नानं मान वर केली. समोर चक्क जीवशास्त्र शिकवणारा माणूस बसला होता.

"नर माशीला खरंच बाप नसतो का?"

जानकाबाई, रत्नाची आई, दारात उभी होती ती तिथंच थिजली. राजरत्नचा चेहरा मात्र एकदम उजळला. इतका वेळ तो बशीतल्या पोह्यांकडे बघत बसला होता.

"नसतो!" तो म्हणाला. "नर हॅप्लॉइड असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे एन. राणी आणि कामकरी माश्या डिप्लॉइड, म्हणजे टू-एन. अनफर्टिलाइज्ड अंड्यातून..." पुढं मराठीत कसं न्यायचं ते त्याला सुचेना. "सोपं सांगायचं तर नराला बाप नसतो, पण आजोबा असतो. आईचा बाप."

गेणभाऊंनी कप खाली ठेवला. आवाज झाला.

"ताई, ऊठ," ते साळुबाईला म्हणाले. "आपली गाडी चुकंल."

पाहुणे गेले. भागुजी फाट्यापर्यंत मागोमाग गेला आणि तसाच परत आला. ओसरीवर टेकून तो नुसता टोपीनं वारा घेत बसला. जानकाबाईनं मात्र मुलीला धरलं.

"इचारून इचारून काय इचारलंस गं? अगं त्या पोराचा बाप ते पाळण्यात असताना गेला. मामानं वाढवलं त्याला. अन् तू भरल्या बैठकीत इचारतीस, बाप नसतो का म्हणून!"

मुलाला वडील नाहीत हे रत्नाला आधी सांगितलं होतं. पण तिच्या डोक्यात ती पेटी इतकी भरलेली होती, की दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात हे तिला सुचलंच नव्हतं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

चार-पाच दिवस गेले. एका दुपारी ओतूरकडून प्रवासी भरून आलेल्या वडापच्या जीपमधून राजरत्न एकटाच उतरला आणि अंगणात येऊन उभा राहिला. जानकाबाई सुपात डाळ निवडत होती. ती गडबडीनं उठली.

"आई, पाहुणा म्हणून नाही आलो," तो म्हणाला. "पेटी बघायला आलोय. तीन वर्षं झाली, वर्गात हॅप्लॉइड, डिप्लॉइड शिकवतोय. फळ्यावर एन लिहितो, टू-एन लिहितो, पोरं लिहून घेतात. पण हॅप्लॉइड प्राणी मी डोळ्यानं कधी बघितला नाही. तो तुमच्या घरामागं आहे."

जानकाबाईनं रत्नाकडे पाहिलं. रत्ना उठून धूर करायचा डबा पेटवायला लागली.

तिनं पेटी उघडली, हलका धूर दिला आणि एक चौकट वर उचलली. राजरत्न चार हात लांब उभा होता.

"या की पुढं."

"चावतील ना?"

"कामकरी चावंल. नराला नांगीच नसते." तिनं दोन बोटांत एक काळा नर अलगद धरला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. तो नर गोंधळून गोल फिरला, पंख झाडत थांबला. राजरत्न त्याच्याकडे असा बघत राहिला, की रत्नाला हसू आवरेना. परीक्षेचा निकाल हातात पडलेल्या पोराचं तोंड असंच होतं.

"एवढे मोठाले डोळे!" तो पुटपुटला. "आणि हे सगळं एकाच संचात."

"कसला संच? आता तरी सांगा, मराठीत सांगा."

तो जांभळाच्या मुळावर बसला. जानकाबाईही डाळीचं सूप घेऊन जवळ येऊन बसली. पोरीला परक्या पुरुषाबरोबर एकटं सोडायला नको म्हणून बसली होती, पण कान तिचेही टवकारलेले होते.

"आपल्या अंगात बारीक-बारीक पेशी असतात," त्यानं सुरुवात केली. "प्रत्येक पेशीत गुणसूत्रं. सूत्र म्हणजे धागा. रंग कसा, डोळे कसे, बांधा कसा, ते सगळं त्या धाग्यांवर ठरलेलं. ह्या सातेरीच्या कामकरी माशीत असे बत्तीस धागे. पण ते सुटे बत्तीस नाहीत. सोळाचा एक संच, असे दोन संच. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. त्यामुळं प्रत्येक धाग्याला त्याच्यासारखा जोडीदार असतो."

"आमच्या मांडणीवानी म्हना की," जानकाबाई मधेच म्हणाली. "माज्या म्हायेरनं भांडी आली, अन् सासूची व्हतीच. म्हणून पराती दोन, कळश्या दोन, उलथणी दोन. ही म्हायेरची, ही सासूची."

राजरत्न उडालाच. "बरोब्बर! तंतोतंत! आता आई, रत्ना सासरी निघाली की तिला भांडी द्याल, तेव्हा दोन्ही पराती द्याल का?"

"दोन्ही कशाला? एक दीन. एकच कळशी, एकच परात."

"कोणती? माहेरची की सासूची?"

"ते काय, हाताला लागंल ती. परात सासूची, कळशी म्हायेरची."

"अंड्यात तसंच होतं. प्रत्येक जोडीतलं एकेक. कधी हे, कधी ते, पण एकूण एकच संच, सोळा. मग त्या अंड्याला नराकडचा संच मिळाला..." इथं त्याची मान खाली गेली आणि कान लाल झाले. "म्हणजे, राणी सुरुवातीलाच नरांकडून बीज घेऊन पोटात साठवते. ते अंड्याला मिळालं, की सोळा आणि सोळा बत्तीस. त्यातून मादी होते, कामकरी नाहीतर राणी. आणि नाही मिळालं, तर..."

"तर एकाच संचावर संसार," रत्ना म्हणाली. "तो नर."

"हो."

"म्हणजे नर अर्धामुर्धा असतो?"

"छे! एकही भांडं कमी नसतं. फक्त प्रत्येक भांडं एकेकच. माझी नारायणगावची खोली बघा. एक ताट, एक वाटी, एक तांब्या, एक तवा. स्वयंपाक सगळा होतो. पाहुणा आला की पंचाईत, तेवढंच." तो थांबला आणि स्वतःच हसला. "खोली हॅप्लॉइड आहे माझी."

जानकाबाईनं पदर तोंडाला लावला तरी तिचं हसू ऐकू आलंच.

"मग हे एन अन् टू-एन काय लावलंय?" रत्ना म्हणाली. "धागाच म्हणताय ना, तर एकपदरी अन् दुपदरी म्हणा की."

"पुस्तकात एकगुणित, द्विगुणित असं आहे. पण एकगुणित म्हटलं, की पोरांना पाढे आठवतात." त्यानं ते दोन शब्द मनातल्या मनात एकदा घोळवून पाहिले. "एकपदरी, दुपदरी. बरं आहे की हे."

रत्ना मात्र आता त्याच्याकडे बघत नव्हती. ती चौकट उन्हात तिरकी धरून घरांच्या तळाशी बघत होती. एका-एका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी, तीही वेडीवाकडी, कुठं भिंतीला चिकटलेली. राणी असं कधी घालत नाही. एका घरात एक अंडं, अगदी तळाशी मधोमध.

"राणी नाहीच यात," ती हळूच म्हणाली. "कधी गेली कुणास ठाऊक. राणी नसली की कामकऱ्याच अंडी घालतात, एवढं आम्हाला सांगितलं होतं. पण कामकरी कधी नराला भेटलेलीच नसते. तिच्या अंड्याला दुसरा पदर मिळणार कुठून? म्हणून सगळे एकपदरी. सगळे नर." तिनं चौकट खाली ठेवली. "मी आपली रोज वाट बघतेय, की उद्या कामकऱ्या निघतील. कितीही थांबले असते तरी निघाल्या नसत्या. जुन्या कामकऱ्या मरत जाणार, हे आळशी बसून खाणार, आणि पेटी ओस पडणार."

"मग आता?" राजरत्ननं विचारलं. "यातलं मला काही ठाऊक नाही. पुस्तकात माशी नर झाली, की धडा संपतो."

"आता दोन्ही पेट्या एक करायच्या. उरलेल्या कामकऱ्या तरी वाचतील." इतके दिवस दुसरी पेटी मोडायची तिची तयारी नव्हती. आता कारण कळलं तसं मनातलं ओझं उतरलं. "वर्तमानपत्र आहे का तुमच्याकडं?"

त्याच्या पिशवीत होतं. ऊन उतरल्यावर, माश्या घरी परतल्यावर दोघांनी कामाला हात घातला. रत्नानं नरांच्या चौकटी काढून बाजूला ठेवल्या. चांगल्या पेटीचं झाकण काढून वर वर्तमानपत्राचा कागद अंथरला, त्याला काडीनं चार भोकं पाडली आणि त्यावर तळाची फळी काढून दुसरी पेटी चढवली. माश्या दोन्हीकडून कागद कुरतडत येतात, तोवर एकमेकींचा वास ओळखीचा होतो आणि भांडण होत नाही, असं ती सांगत होती. राजरत्न कागद ताणून धरून ऐकत होता. एक कामकरी त्याच्या मनगटाला चावलीच. तो ओरडला नाही. पण डोळ्यांत पाणी आलं, ते रत्नानं पाहिलं आणि त्याच्या मनगटात रुतलेली नांगी नखानं काढून टाकली.

तो निघताना तिनं विचारलं, "मामा अजून रागावलेत?"

"लई. मी समजवायला जातो, अन् जितकं सांगतो तितकं बिघडतं."

"एन अन् टू-एन सांगितलं असेल."

त्यानं मान डोलावली.

"मग मीच येते," रत्ना म्हणाली.

मुलीनं आपल्या पायानं मुलाच्या घरी जायचं, हे भागुजीला पटायला दोन दिवस लागले. पण रत्नाचं म्हणणं सरळ होतं. लग्न ठरो न ठरो, आपल्या तोंडून एका माणसाचं मन दुखलंय, तर ते आपणच जाऊन नीट करायला हवं. भागुजीनं ठेवणीतली टोपी घातली, मधाची एक बरणी फडक्यात बांधली आणि बापलेक दोन एसट्या बदलून निमगाव सावाला पोचले.

गेणभाऊ अंगणात खाटेवर बसले होते. "या पावणं," एवढंच म्हणाले. राजरत्न रविवारचा घरीच होता. त्याला बोलू न देता रत्ना पुढं झाली.

"मामा, मी माशीचं विचारलं होतं. तुमच्या घराचं नाही. पण बोलण्याआधी विचार करायला हवा होता. चुकलंच माझं."

गेणभाऊ नेहमीच्या मानानं अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पोरी, हा शाळेत व्हता तवा पोरं त्याला चिडवायची. बिनबापाचा, बिनबापाचा. मी ड्युटीवरून यायचो, अन् हा दाराआड बसलेला असायचा. ते शब्द आले, की माझं डोकं फिरतं."

"गेणभाऊ, मला तवाच कळलं व्हतं पोरगी माशीचं इचारतीया," साळुबाई आतून पाणी घेऊन येत म्हणाली. "तूच कप आपटलास. मला तर बरं वाटलं. आजवर एका बी पोरीनं राजूला काय इचारलं न्हाई." तिनं रत्नापुढं तांब्या धरला. "आता मला सांग बाई, त्या नराला बाप न्हाई, मग आजा कुठनं आला?"

रत्नानं सांगितलं. जानकाबाईची मांडणी, दोन पराती, दोन कळश्या, अंड्यात जाणारा सोळा धाग्यांचा एकच संच, एकपदरी नर, दुपदरी कामकरी, सगळं सांगितलं. "नराकडं जे असतं ते सगळं आईकडून आलेलं. आणि आईला ते तिच्या आईबापाकडून आलेलं. म्हणून बाप नसला तरी आजा असतोच."

गेणभाऊ हळूहळू खाटेवर ताठ बसत गेले.

"थांब, थांब. म्हंजी त्या नराचं जे हाय ते सगळं आईच्या म्हायेरचं?"

"हो."

"मामाच्या घरचं?"

"हो, मामा."

"अरं मग ह्यात वाईट काय हाय!" गेणभाऊंचा आवाज परत जागेवर आला, शेजारच्या अंगणातलं कुत्रं उठून बसलं. "बरूबर हाय की! आमच्या राजूचं तरी काय येगळं हाय? हुशारी मामाकडची, उंची मामाकडची, सगळं इथलंच!"

"न्हाई हं, गेणभाऊ." साळुबाई हसत होती, पण तिचा हात राजरत्नच्या खांद्यावर जाऊन थांबला होता. "माजा राजू दुपदरी हाय. तू वाढवलास, तुजे उपकार न्हाई फिटायचे. पर त्याचे कान बघ. जरा बाहेर आलेले, अन् लाज वाटली की लाल होणारे. ते कुणाचे हायेत?"

गेणभाऊंनी भाच्याकडे पाहिलं. राजरत्नचे कान तेव्हाही लालच होते.

"दाजीचे," ते म्हणाले. "अगदी दाजीचे. अन् चालणं बी. फाट्यावरनं येताना लांबून बघितलं, की मला कवा-कवा वाटतं, दाजीच आले." त्यांनी खाकरून घसा साफ केला, डोळे पुसले आणि भागुजीच्या पाठीवर थाप मारली. "बसा राव, असं उभं काय? ताई, च्या टाक. अन् ती बरणी सोडा की, बघू तरी मध कसा हाय."

मध सगळ्यांनी चाखला. भागुजी मग खुलून डेंगळ्यांचा भाव, एसटीचं जुनं वेळापत्रक असल्या गोष्टी बोलत बसला. उठायच्या वेळी गेणभाऊंनीच विषय काढला, "मग तारीख कुठली धरायची?" रत्नानं राजरत्नकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून हो म्हणाली.

वैशाखात डिंगोऱ्याच्या विहारासमोर मांडव पडला. पांढऱ्या साडीत रत्ना, पांढऱ्या सदऱ्यात राजरत्न. त्रिसरण-पंचशील झालं, हार घातले गेले, फुलं पडली. जेवणाआधी दोन शब्द बोलायला म्हणून गेणभाऊंनी माईक हातात घेतला. खरं तर त्यांना माईकची गरज नव्हती.

"मंडळी, लग्न म्हंजी काय?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट बघितली नाही. "मान्साच्या अंगात धागे असत्यात. सोळा धागे नवरीकडचे, सोळा आमच्याकडचे..."

"मामा," राजरत्न मागून कुजबुजला, "सोळा माशीचे. माणसाचे तेवीस."

"तेवीस तर तेवीस!" गेणभाऊ गरजले. "तेवीस तिकडचे, तेवीस हिकडचे! कोण कमी न्हाई, कोण जास्त न्हाई!"

अर्ध्या मांडवाला काही कळलं नाही, तरी टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. पुढच्या पंगतीतल्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, "तेवीस काय म्हणाला? मानपान का?" शेजारी म्हणाला, "साड्या असतील." तोवर वाढप्यांनी पत्रावळी मांडल्या होत्या, बुंदीचं घमेलं आलं होतं, आणि रत्ना हसू दाबता दाबता ठसका लागून पाणी मागत होती.